पियानोच्या पोटातला झिरोचा बल्ब

कामोठ्यात पियानो असलेली घरं किती, याची मोजणी कुणी केलेली नाही. शिवराम गमरे यांच्या मते असं घर एकच होतं, आणि पहिली तेरा-चौदा वर्षं त्या घरातही पियानो वाजवता येणारं माणूस नव्हतं. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वाजवणं हे पियानोच्या बाबतीतलं सगळ्यात सोपं काम, असं त्यांचं ठाम मत होतं. ते शिकवायला क्लास असतात. जुलै महिन्यात, खाडीच्या काठाला, त्याला कोरडा ठेवायला शिकवणारा क्लास कुठे असला तर सांगा.

शिवरामना घरात आणि आता सोसायटीतही सगळे आप्पा म्हणत. आप्पांची छत्तीस वर्षं धोबीतलावच्या एका वाद्यांच्या दुकानात गेली. मंडणगडकडच्या गावाहून आले तेव्हा वय वीस. दुकानाच्या पारशी शेठने त्यांच्या खांद्यांकडे बघून त्यांना ठेवून घेतलं. पियानो उचलायला चार माणसं लागत आणि आप्पांकडे मागचा डावा कोपरा होता. तो कोपरा त्यांनी सहा वर्षं सांभाळला. मग कंबरेने तक्रार केली आणि शेठने त्यांना बल्बच्या कामावर घातलं.

हे बल्बचं काम आता सांगून कुणाला पटत नाही. पियानो दिसायला कितीही साहेबी असला तरी आतून तो लाकूड, लोकर आणि तारा. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. मग पट्ट्या एकमेकींना घासतात, हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा जड होतो, तारांना गंज धरतो. उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसतं आणि तडकतं. विलायतेत याच्यावर यंत्रं असतात म्हणे. मुंबईत झिरोचा बल्ब होता. पियानोची खालची फळी काढायची, आतल्या मोकळ्या जागेत लाकडापासून वीतभर दूर होल्डर बसवायचा, त्यात झिरोचा बल्ब लावायचा आणि फळी पुन्हा बंद करायची. झिरो नुसता नावाचा, खातो चांगले पंधरा वॅट. तेवढी ऊब पियानोच्या पोटाला पुरते. सात जूनला तो पेटवायचा, तो दसरा झाल्यावर विझवायचा. मधे एक मिनिटही बंद नाही. कारण लाकडाला थंडी चालते, उष्णता चालते, पण आज ही आणि उद्या ती असं चालत नाही. आप्पा म्हणत, "लाकूड सरकारी माणसासारखं असतं. बदली केली की फुगतं."

दर सात जूनला कापडी पिशवीत होल्डर, वायर आणि बल्ब घेऊन आप्पा निघत. पेडर रोडच्या तीन बहिणी, ज्या एकमेकींशी बोलत नसत पण एकाच पियानोवर पाळीपाळीने बसत. माटुंग्याचे तमिळ अण्णा, जे बल्ब पेटल्यावर त्याला हात जोडत. भायखळ्याचं कॉन्व्हेंट, जिथे एकाच हॉलमध्ये पाच पियानो आणि पाचही बेसूर. वांद्र्याची म्हातारी मॅडम, जी आप्पांना केक देई आणि तिच्या कुत्र्याला बिस्किट, आणि कधी कधी उलट. खालची फळी काढली की प्रत्येक घराचं पोट आप्पांना दिसे. हेअरपिना, पेन्सिली, लपवलेली प्रगतिपुस्तकं, एका ठिकाणी तर दातांची कवळी. जे सापडे ते आप्पा मुकाट्याने घरमालकिणीच्या हातात ठेवत. प्रगतिपुस्तकं मात्र परत आत ठेवत.

दादरच्या एका घरी त्यांना चहा मिळे, पण ज्या कपात मिळे तो कप खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, गजाला अडकवलेला असे. वर्षातून दोनदा तो कप आप्पांची वाट बघे. चांगुणाला, म्हणजे बायकोला, हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांचा बल्ब जरा ढिला लावा ना." आप्पांनी तिथेही बल्ब नीटच लावला. लाकडाचा काय दोष.

बल्बच्या तीस वर्षांत आप्पांचा बल्ब ज्याच्या पोटात होता असा एकही पियानो पावसाळ्यात बसला नाही, म्हणजे त्याची पट्टी अडकून राहिली नाही. हे वाक्य ते स्वतः कधी बोलत नसत. दुसरं कुणी बोललं तर मात्र दुरुस्त करत, "एकोणतीस. पहिल्या वर्षी नुसता बघायला गेलो होतो."

दुकान बंद झालं त्या दिवशी शेठने गोदामातला सगळ्यात जुना, न विकला गेलेला काळा पियानो आप्पांना देऊन टाकला. "तूच एक आहेस जो ह्याला मरू नाय देणार," शेठ म्हणाला. मुलगा प्रितमने नुकताच कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. लिफ्ट नव्हती. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले सहा माथाडी बोलावले. त्यांनी आयुष्यभर सळया उचलल्या होत्या, पण उचलताना आतून कण्हणारा माल त्यांना पहिल्यांदाच भेटला. दुसऱ्या मजल्यावर एकाने तो खाली ठेवला आणि विचारलं, "काका, आत कोन हाय?"

चांगुणाने दार उघडलं, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ही म्हैस बांधायची कुठे?"

तेव्हापासून तो म्हैस. काळी, जड, आणि पावसात कोरड्यात बांधावी लागणारी. म्हशीला घरातली सगळ्यात कोरडी भिंत मिळाली, जिन्याच्या बाजूची. बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून तिथे टीव्ही ठेवला. पंधरा वर्षांत दोन टीव्ही गेले. कामोठं खाडी भरून वसवलं असलं तरी ही बातमी अजून कुणी खाडीला सांगितलेली नाही. ती दर जूनला आपल्या जागेवर परत येते. हॉलमध्ये एसी लावायला बंदी, कारण तासभर गार आणि तासभर गरम म्हणजे लाकडाचा खून. पाहुणे घाम पुसत बसत आणि म्हशीची तब्येत विचारत. तिच्यावर काही ठेवायचं नाही, फुलदाणी नाही, पाण्याचा पेला नाही. चांगुणा मागच्या दिवाळीनंतर गेली, तर तिचा फोटोही त्यावर ठेवला नाही. हाराचं पाणी ठिबकतं. तो बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भिंतीवर आहे, आणि तिथून तिला म्हैस समोर दिसते.

एवढं सगळं असताना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीस नंबर बसला.

चाळीस नंबर म्हणजे डावीकडून चाळिसावी पट्टी. आप्पांना सुरांची नावं येत नाहीत. दुकानात अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांना अठ्ठ्याऐंशी नंबर असत आणि त्यांचं जग तेवढंच होतं. नात अक्षता अकरावीत होती. दोन वर्षांपूर्वी तिने मोबाइलवरचे व्हिडिओ बघून स्वतःच वाजवायला सुरुवात केली आणि घरात सुरांची इंग्रजी नावं आणली.

"आजोबा, मिडल सी वर येत नाहीये."

"कितवा?"

"अहो, मधला."

आप्पा खुर्चीतच हाताने हवेत मोजून म्हणाले, "चाळीस. परत दाब."

तिने दाबला. सूर आला, पण पट्टी खालीच राहिली. शेजारचा एकेचाळीसही मंद. पलीकडे बावन्न, त्रेपन्न. आप्पांच्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं. हा आवाज त्यांनी दुसऱ्यांच्या घरी ऐकला होता, जिथे त्यांचा बल्ब नव्हता अशा घरी. असं कसं होईल? बल्ब तर चालू होता. रोज संध्याकाळी खुर्चीतून ते बघत होते, खालच्या फळीच्या फटीतून उजेडाची पांढरी रेघ लादीवर पडलेली असे. यंदा तर नेहमीपेक्षा ठसठशीत.

प्रितम कामावरून आला तेव्हा अक्षताने त्याला वाजवून दाखवलं. म्हणजे न वाजवून. प्रितम महाप्यात एका कंपनीत काँप्युटरची दुरुस्ती बघे. स्वभावाने सरळ, सगळ्या वस्तूंचे दोन प्रकार मानणारा, चालू आणि बंद.

"आप्पा, राग मानू नका," तो म्हणाला. म्हणजे काय येणार ते आप्पांना कळलं. "अक्षताची बारावी येतेय. तिला टेबल पाहिजे. आईच्या वेळेला ठीक होतं. पण आता ही बंद पडत असेल..."

"बंद नाही पडली. बसलीय."

"बसलेलीच आहे ती, पंधरा वर्षं." मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "तो खारघरचा राजवर्धन आहे ना, माझ्या ऑफिसमधल्याचा मेहुणा, कॅफेवाला. तो कधीपासून मागतोय. नीट ठेवेल तो."

"कसा ठेवेल?"

प्रितमने मोबाइल पुढे केला. चित्रात पियानोचं झाकण उघडं होतं आणि तारांच्या जागी माती भरून हिरवी झाडं लावली होती. आप्पांनी ते चित्र लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं.

"पाणी किती वेळा घालणार?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत. रोज एकदा."

आप्पांनी मोबाइल परत केला. अक्षता म्हणाली, "पप्पा, प्लीज! मला नको टेबल. मी डायनिंगवर बसेन." त्यावर तिची आई जयमाला स्वयंपाकघरातून म्हणाली की डायनिंगवर बसशील तर मी पोळ्या कुठे वाढू, तुझ्या अकाउंट्सवर?

शेवटी तह झाला. दुकानातला धनाजी आता वसईला राहून ट्यूनिंगची कामं करत असे. त्याला बोलवायचं. तो म्हणाला जिवंत आहे, तर म्हैस राहील आणि पुन्हा हा विषय नाही. तो म्हणाला संपली, तर राजवर्धनचा टेम्पो. धनाजीला फोन लावला. तो म्हणाला, "या रविवारी नाय जमत गमरे, पुढच्या रविवारी येतो. तुमच्या घरचा पियानो बसला? थट्टा करता काय?"

त्या शेवटच्या तीन शब्दांनी आप्पांना झोप लागू दिली नाही.

सकाळी त्यांनी अक्षताला खालची फळी काढायला लावली. गुडघ्यांमुळे त्यांना चार वर्षं खाली बसता येत नव्हतं. तिने दोन खिट्ट्या फिरवल्या, फळी बाजूला केली आणि हात आत घातला. आत स्वच्छ पांढरा उजेड होता, दवाखान्यात असतो तसा.

"बाळा, हात! भाजेल!" आप्पा ओरडले.

"कुठे भाजतंय?" अक्षता म्हणाली. तिने पेटलेला बल्ब मुठीत धरला होता. "थंड आहे."

आप्पा तिच्या मुठीकडे बघत राहिले. बोटांच्या फटींतून उजेड येत होता आणि पोरगी हसत होती.

मग सगळं आठवलं. सात जूनला नेहमीप्रमाणे स्विच लावला आणि जुना बल्ब फट करून गेला. प्रितम म्हणाला, थांबा, मी आणतो. त्याने मोठ्या हौसेने आणला. खोक्यावर छापलं होतं, वीज वाचवतो, दहा वर्षं टिकतो, अजिबात तापत नाही. प्रितमने हे तिन्ही वाचूनच घेतला होता. त्याने तो लावला, लादीवर पांढरी रेघ पडली, आणि आप्पा खुर्चीतून म्हणाले होते, "वा. छान उजेड आहे." महिनाभर म्हशीच्या पोटात छान उजेड होता. ओलही होती, आता ती नीट दिसत असणार एवढंच.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आप्पांनी कुणाला सांगितली नाही. ती एकोणीसशे एक्क्याण्णवची होती. तेव्हा धनाजी नवीन होता. भायखळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये पाहणीला गेला आणि परत येऊन म्हणाला, पाचही चालू. आप्पा आठवड्याने गेले तर तिसऱ्याचा बल्ब कधीचा गेलेला. फटीतून धनाजीला दिसलं होतं ते पितळी पेडलवर चमकणारं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. आप्पांनी त्याला भर दुकानात, शेठसमोर झापला होता. "डोळ्यांनी काय बघतोस? बल्ब म्हणजे सिनेमा आहे? फळीला हात लाव! हाताला कळलं तर खरं." तेव्हापासून दुकानात तो नियमच झाला. रोज हात लावायचा. गिऱ्हाईकांनाही तेच सांगायचं.

घरी तो हात चांगुणाचा होता. आप्पांचे गुडघे गेल्यावर त्यांनी फक्त सांगितलं होतं, तिने ते काम कायमचं घेतलं. संध्याकाळी केर काढताना ती खालच्या फळीपाशी वाके, तळहात टेकवे आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "गरम आहे हो तुमची म्हैस!" मग केर पुढे. तिच्या ओरडण्याची आप्पांना इतकी सवय झाली की ती ओरडली नाही तर दिवस संपला आहे हे त्यांना कळत नसे. यंदाच्या जूनमध्ये केर काढायला बाई होती. ती चांगली होती, फक्त तिला म्हैस माहीत नव्हती. आणि आप्पा खुर्चीतून सिनेमा बघत होते.

संध्याकाळी प्रितमला कळलं. तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "आप्पा, मी चांगल्यासाठीच..." आणि मग, स्वभावाप्रमाणे, उपाय सांगायला लागला. हेअर ड्रायर. हॉलला एसी. बुटांच्या खोक्यातल्या पांढऱ्या पुड्या. मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात, तसं काही.

"किती तांदूळ लागेल?" आप्पांनी विचारलं.

प्रितमने पियानोकडे पाहिलं आणि हिशोब सोडून दिला.

"घाई केली तर तडकेल," आप्पा म्हणाले. "महिनाभर प्यायलीय, दहा दिवस तरी सुकायला दे. मला झिरोचा बल्ब पाहिजे. तापणारा."

तापणारा झिरोचा बल्ब कामोठ्यात नव्हता. अक्षता आणि आप्पा अकरा दुकानं फिरले. दुकानदार आधी समजावत, मग हसत. "काका, ते बंद झाले. हा घ्या ना, अजिबात तापत नाही." एकाने माळ्यावरून शंभरचा काढून धूळ झटकली. आप्पांनी तो हातात घेऊन, ओळखीचं माणूस भेटावं तसं, जरा वेळ धरला आणि परत दिला. शंभरने म्हैस भाजली असती.

मग अक्षताने कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं तळवलीच्या मनस्वीकडून. "माझी आजी कोंबड्यांच्या पिल्लांना तापणारे बल्ब लावते. ये."

दुसऱ्या दिवशी रिक्षा, गाडी, पुन्हा रिक्षा असं करत दोघं तळवलीला पोचले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या काचेच्या इमारती मागे पडल्या आणि एका गल्लीत, दोन टॉवरच्या मधे, कौलारू पडवीत मनस्वीची आजी बसली होती. बाजूला टोपलीत पिल्लं, त्यांच्यावर लोंबणारा पिवळा बल्ब. आप्पा आधी त्या टोपलीपाशी गेले आणि बल्बखाली हात धरून उभे राहिले.

"काय झाला? थंडी वाजते का?" आजी म्हणाली.

"नाही हो. बरं वाटलं."

"कोनाला पायजे बलब?"

अक्षताने सांगितलं, पियानोला. मग पियानो म्हणजे काय ते सांगितलं. पेटीसारखा, पण कपाटाएवढा.

"येवरं मोठं कपाट," आजी म्हणाली, "आन त्याला पिल्लासारखं उबवायला लागतं?"

"रोज," आप्पा म्हणाले.

आजीला हे एकदम पटलं. इतक्या वर्षांत आप्पांचं काम इतक्या कमी शब्दांत कुणाला पटलं नव्हतं. "पन ह्यो चाळीसचा हाय. चालंल?"

"चाळीसने तडकेल. पंधराचा लागतो."

आजीने थोडा विचार केला, मग नातीला आतून पत्र्याची पेटी आणायला सांगितली. गणपतीच्या मखराचं सामान होतं. जुन्या माळा, सोनेरी कागद, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार झिरोचे बल्ब, रंगीत. दोन हिरवे, दोन लाल. "आता पोरं ती चायनाची माळ लावतान. ह्ये कोन लावतंय?" तिने लाल दोन आप्पांच्या हातावर ठेवले आणि हिरवे परत गुंडाळले. "हिरवं नको. त्यान सगली आजारी दिसतान."

आप्पांनी काही देऊ केलं तर तिने हात झटकला. "पिल्लं जगली की सांग."

त्या संध्याकाळी म्हशीच्या पोटात लाल बल्ब लागला आणि लादीवर लाल रेघ पडली. प्रितम आत येताच दचकला. जयमाला म्हणाली, शेजारी विचारतील हे काय चाललंय. तळवलीच्या गणपतीचा दिवा गमऱ्यांच्या पियानोत पेटला आहे, यावर बाबासाहेबांच्या तसबिरीतून काही आक्षेप आला नाही, आणि तिच्याशेजारच्या फोटोतून तर नाहीच.

मग दहा दिवस. आप्पांनी पट्ट्यांना कुणाला हात लावू दिला नाही. खिडक्या सकाळी बंद, दुपारी पाऊस थांबला तर एक उघडी, संध्याकाळी पुन्हा बंद. कपडे हॉलमध्ये वाळत घालायचे नाहीत. सोसायटीच्या जिन्यात गमऱ्यांचे कपडे फडकू लागले आणि सेक्रेटरीने ग्रुपवर नाव न घेता एक नोटीस टाकली. रोज संध्याकाळी अक्षता खाली बसून फळीला हात लावी आणि सांगे, "कोमट." चौथ्या दिवशी, "कोमट प्लस." आप्पा मान डोलवत, पण त्यांना हवा असलेला शब्द तो नव्हता. ते तिला सांगितलं मात्र नाही. सांगून म्हणवून घेण्याचा तो शब्द नाही.

रविवारी धनाजी आला. केस पांढरे, हातात तीच चामड्याची पिशवी. त्याने आधी चांगुणाच्या फोटोसमोर हात जोडले, मग चहा घेतला, मग म्हशीला प्रदक्षिणा घातल्यासारखं केलं. वरचं झाकण उघडलं, बॅटरीने मागची मोठी फळी पाहिली, तारांवरून बोट फिरवून वासही घेतला. मग डावीकडून एकेक पट्टी दाबायला सुरुवात केली. आप्पा खुर्चीत ओठ न हलवता मोजत होते. अक्षता नखं खात होती. प्रितम दारापाशी उभा होता, हातात फोन. राजवर्धनचे दोन मेसेज येऊन पडले होते, टेम्पो कधी पाठवू.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

पट्टी खाली गेली. जराशी थांबली. आणि वर आली, आळस दिल्यासारखी. एकेचाळीस नीट. बावन्न, त्रेपन्न नीट. अठ्ठ्याऐंशीपर्यंत.

धनाजीने खालची फळी काढली. लाल उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. "ह्यो काय नवीन प्रकार?"

त्याने आतल्या नमद्याला बोट लावलं.

"गमरे, ह्याच्या आत महिनाभर ओल बसलेली. नमदा बघा. आता सुकतोय, पण बसलेली. तुमच्या घरात? मधे बल्ब बंद होता?"

"चालू होता," प्रितम पटकन म्हणाला. "पण एलईडी. मी बदलला होता. चूक माझी आहे. आप्पांना माहीत नव्हतं."

आप्पांसमोर सरळ वाट होती. एकोणतीस वर्षं तशीच राहिली असती आणि मुलगा स्वतःहून पुढे आलाच होता. त्यांनी खुर्चीचे हात धरले.

"बल्ब त्याने बदलला," आप्पा म्हणाले. "हात मी लावला नाही. उजेड बघत बसलो."

धनाजी मागे वळला. एक्क्याण्णव साल त्याच्या चेहऱ्यावर पूर्ण उमटलं, शेठ, दुकान, सगळ्यांसमोरची ती झापाझापी. आप्पा वाट बघत होते. एवढं त्याचं देणं... नाही, देणं म्हणायला नको. एवढा त्याचा हक्क होता.

"सिनेमा चांगला होता का?" धनाजीने विचारलं.

"पांढरा होता," आप्पा म्हणाले. "फार छान."

मग दोघं इतके हसले की जयमाला स्वयंपाकघरातून बाहेर आली. धनाजीने डोळे पुसले, फळी परत लावली आणि प्रितमकडे बघून, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "जिवंत आहे. मागची फळी तडकली नाय, तारांच्या खुंट्या घट्ट आहेत. पंधरा दिवसांनी येऊन सूर लावतो, आता लावला तर टिकणार नाय. चाळीस नंबर थोडा रुसेल, त्याला रुसू द्या. आणि रोज कोणीतरी हात लावायचा. कोणाचाही चालेल. पण रोज."

धनाजी गेल्यावर अक्षता स्टुलावर बसली आणि हळूच काहीतरी वाजवायला लागली. बेसूरच होतं, चाळीस नंबर दर वेळी अर्धा क्षण उशिरा परत येत होता, आणि ती त्याच्यासाठी थांबत होती. तेवढ्यात प्रितमचा फोन वाजला.

"हां राजवर्धन, बोल... नाही, नाही रे. टेम्पो नको पाठवू... अरे चालू आहे. हो, चालू." तो बोलता बोलता हॉलमध्ये फेऱ्या मारत होता, आणि पियानोपाशी येऊन थांबला. "झाडांसाठी एखादं जुनं कपाट बघ ना... नाही, ही नाही देता येणार."

आप्पा खुर्चीतून बघत होते. प्रितम एका हाताने फोन कानाला धरून वाकला, दुसरा तळहात खालच्या फळीला टेकवला, काढला, आणि पटलं नसल्यासारखा पुन्हा टेकवला.

"काय? नाही, तुला नाही," तो फोनमध्ये म्हणाला. मग आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, जरी आप्पा तीनच फुटांवर होते, "गरम आहे हो तुमची म्हैस!"

आप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. हवेत दमटपणा फार होता.